कृषि-परिषदेसाठी निबंध : शेतावरील नोंदीपासून सादरीकरणापर्यंत

शेतीविषयक नवे ज्ञान संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर निर्माण होते, तसेच ते शेतकऱ्याच्या शेतावरही निर्माण होते. फरक इतकाच की, प्रक्षेत्रावरील प्रयोगाची रीतसर नोंद होऊन तो परिषदेत तज्ज्ञांपुढे येतो. शेतकऱ्याच्या अनुभवास आलेली गोष्ट मात्र बहुधा गावातच राहते व काही हंगामांनंतर विसरली जाते. हे नुकसान टाळावयाचे असेल, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व प्रयोगशील शेतकरी यांनी परिषदेसाठी निबंध तयार करण्याची पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे.

खेड तालुक्यातील शेतकऱ्यांना या कामी अनुकूलता आहे. चाकण ही कांदा-बटाट्याची जुनी बाजारपेठ. राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. ही संस्था १९९४ साली नाशिक येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, १९९८ साली राजगुरुनगरला आली आणि २००८ साली तिला संचालनालयाचा दर्जा मिळाला. कांदावर्गीय पिकांवरील परिसंवाद मार्च २०११ मध्ये पुणे येथे व नोव्हेंबर २०१५ मध्ये जालना येथे भरले होते. अशा परिषदांत शेतावरील प्रयोगांनाही स्थान मिळू शकते. मात्र त्यासाठी निबंध लिहावयास बसण्यापूर्वी, किंबहुना पेरणीपूर्वीच, तयारी करावी लागते. निबंधाचे मोल भाषेवर ठरत नाही. ते शेतावरील तुलनेवर व नोंदवहीवर ठरते.

पिंपळे सौदागरचे उदाहरण

पिंपळे सौदागर हे आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. शंभर वर्षांपूर्वी ते शेतीचे लहानसे गाव होते. पुणे कृषि महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाची बारकाईने पाहणी केली व ‘दख्खनमधील एका खेड्यातील जमीन व श्रम’ अशा अर्थाच्या नावाने ती १९१७ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

जमिनीचे तुकडे होत आहेत, ही तक्रार त्या काळी सर्वांच्याच तोंडी होती. मॅन यांनी ती मोजून दाखविली. गावातील १५६ जमीनधारकांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागलेली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. जुन्या दप्तरांवरून त्यांनी असेही दाखविले की, १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ साली ७ एकरांवर आली होती. या आकड्यांमुळे गावातील एक तक्रार हा पुढील अभ्यासकांना वापरता येईल असा पुरावा झाला.

या कामातून दुसराही धडा मिळतो. पिंपळे सौदागर पुणे व खडकीच्या जवळ असल्याने तेथील लोकांना शेतीबाहेरही काम मिळत होते. तेव्हा एका गावावरून साऱ्या दख्खनविषयी बोलणे योग्य नव्हते. यास्तव मॅन यांनी श्री. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली आणि ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. एका ठिकाणी जे दिसले ते दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहणे व दोन्ही ठिकाणची परिस्थिती स्पष्ट सांगणे, हाच शास्त्रीय निबंधाचा पाया होय.

पिंपळे सौदागरची ती शेते आता राहिलेली नाहीत. नोंद मात्र राहिली आहे. चाकणभोवतीही अनेक शेतांवर आज कारखाने उभे आहेत. येथील जमीन, पाणी व पीकपद्धती यांविषयी शेतकऱ्यांना असलेली माहिती वेळीच लिहून ठेवली नाही, तर ती पुन्हा मिळविणे शक्य होणार नाही.

प्रश्न नेमका असावा

‘कांद्याची साठवण सुधारणे’ हा निबंधाचा विषय होऊ शकत नाही; तो फार विस्तृत आहे. एका प्रयोगाने ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, ‘उन्हाळी कांद्याचे पाणी काढणीपूर्वी १० दिवस आधी तोडले किंवा २० दिवस आधी तोडले, तर चार महिन्यांच्या साठवणीत सडीच्या प्रमाणात काय फरक पडतो?’ या प्रश्नात पीक, दोन पद्धती, कालावधी व मोजावयाची गोष्ट या चारही बाबी आल्या आहेत. प्रश्न एका वाक्यात मांडता येत नसेल, तर तो अद्याप स्पष्ट झालेला नाही असे समजावे.

प्रश्न ठरल्यावर त्यावर पूर्वी कोणी काम केले आहे काय, हे पाहावे. यासाठी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राचे, संशोधन केंद्राचे किंवा कृषि महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे साह्य घ्यावे. पूर्वी काम झालेले असले तरी निराश होण्याचे कारण नाही. त्या कामाची आपल्या जमिनीत व आपल्या पाण्यावर पडताळणी करणे हाही उपयुक्त विषय आहे.

तुलना, पुनरावृत्ती व चिठ्ठ्या

‘यंदा नवी पद्धत वापरली व कांदा चांगला टिकला’ या विधानावरून काहीच सिद्ध होत नाही. यंदाची हवा कोरडी असेल, बियाणे निराळे असेल किंवा चाळ नव्याने दुरुस्त केलेली असेल. म्हणून त्याच शेतात, त्याच हंगामात, नेहमीच्या पद्धतीचा वाफा तुलनेसाठी ठेवलाच पाहिजे. तो ठेवला नसेल, तर हंगाम संपल्यावर कोणत्याही लेखनकौशल्याने ही उणीव भरून काढता येत नाही.

तुलना एकाच जोडीवर थांबवू नये. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील प्रयोगांच्या अनुभवावरून रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या काळात शेतप्रयोगांची जी तत्त्वे मांडली, त्यांत पुनरावृत्ती व यादृच्छिक वाटणी यांना मुख्य स्थान आहे. भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी कृषि कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील अनेक पिढ्यांनी त्याचा आधार घेतला.

पुनरावृत्ती का हवी, हे साध्या उदाहरणाने समजेल. नाणे पाच वेळा उडविले असता चार किंवा पाचही वेळा एकच बाजू पडणे, ही गोष्ट आठांत तीनदा केवळ योगायोगाने घडते. म्हणून पाच शेतांपैकी चार शेतांवर नवी पद्धत सरस ठरली, तरी तेवढ्यावरून ती खरोखर सरस आहे असे म्हणता येत नाही. आठ वेळा उडविलेले नाणे आठही वेळा एकाच बाजूने पडणे मात्र १२८ त एकदाच घडते. यास्तव दोन पद्धतींची तुलना करावयाची असेल, तर निदान आठ शेतकऱ्यांच्या शेतांवर प्रत्येकी एक जोडी घ्यावी. अधिक मिळाल्यास उत्तमच.

प्रत्येक जोडीतील दोन वाफ्यांपैकी कोणत्या वाफ्याला कोणती पद्धत द्यावयाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नव्या पद्धतीसाठी नकळत चांगला वाफा निवडण्याचा मोह सर्वांनाच होतो. चिठ्ठीमुळे तो टळतो. वाण, लागवडीची तारीख, खतांची मात्रा, सुकवणी व चाळीतील जागा या गोष्टी दोन्ही वाफ्यांसाठी सारख्या ठेवाव्यात. वाण एन-२-४-१ असो वा भीमा किरण, जोडीतील दोन्ही वाफ्यांत तोच असला पाहिजे.

मोजमाप व नोंदवही

वरील प्रयोगात प्रत्येक वाफ्याचे एकूण उत्पन्न प्रथम वजन करून लिहावे. नंतर कांदा सुकवून, पात कापून, प्रत्येक वाफ्यातील २५ किलो कांदा जाळीच्या पिशवीत भरावा, पिशवीला क्रमांकाची चकती बांधावी व सर्व पिशव्या एकाच चाळीत सारख्या उंचीवर ठेवाव्यात. दर १५ दिवसांनी पिशवी उघडून सडलेले व कोंब फुटलेले कांदे वेगळे करून त्यांचे वजन निरनिराळे लिहावे.

समजा, चार महिन्यांनी एका पिशवीत १८ किलो चांगला कांदा राहिला. या काळात सडलेला कांदा एकूण २ किलो व कोंब फुटलेला १ किलो निघाला, तर उरलेले ४ किलो ही सुकण्याने झालेली वजनातील घट होय. टक्केवारीने सांगावयाचे तर चांगला कांदा ७२, सड ८, कोंब ४ व वजनातील घट १६. ‘२८ टक्के नुकसान झाले’ एवढेच लिहिल्यास ही फोड नाहीशी होते. सडीवरचा उपाय वेगळा व सुकण्यावरचा वेगळा असल्याने वाचणाऱ्यास अशा मोघम आकड्याचा उपयोग होत नाही.

नोंदवही बांधलेली असावी, सुट्या कागदांवर नोंदी करू नयेत. नोंद त्याच दिवशी, जागेवरच व शाईने करावी. चुकलेला आकडा खोडून न टाकता त्यावर एक रेघ मारावी व शेजारी बरोबर आकडा लिहावा. पाऊस, रोग, फवारणी, पाण्याची पाळी चुकणे किंवा एखाद्या पिशवीत उंदीर शिरणे या गोष्टींचीही तारखेसह नोंद घ्यावी. मोबाइलवर छायाचित्रे अवश्य घ्यावीत. परंतु छायाचित्र हे वजनाची जागा घेऊ शकत नाही.

निबंधाची मांडणी

परिषदेच्या निबंधाचे भाग बहुधा ठरलेले असतात. शीर्षकात पीक, केलेला उपाय व स्थळ यांचा उल्लेख असावा. प्रस्तावनेत प्रश्न कोणता व तो का महत्त्वाचा, हे एक-दोन परिच्छेदांत सांगावे. ‘साहित्य व पद्धती’ या भागात प्रयोग कसा केला, हे इतके स्पष्ट लिहावे की, दुसऱ्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला केवळ निबंध वाचून तो प्रयोग जसाच्या तसा करता यावा. निष्कर्षांच्या भागात आकडे व तक्ते द्यावेत. चर्चेच्या भागात त्यांचा अर्थ, पूर्वीच्या कामाशी मेळ व प्रयोगाच्या मर्यादा सांगाव्यात. शेवटी सारांश, आभार व आधारग्रंथांची यादी येते. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून घालणे हा गंभीर दोष आहे; जेथून माहिती घेतली त्याचा उल्लेख झालाच पाहिजे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील निबंधात शेताच्या परिस्थितीचे वर्णन विशेष काळजीने करावे. जमिनीचा प्रकार, पाणी विहिरीचे की नदीचे, औद्योगिक वसाहतीपासूनचे अंतर, मजुरांची उपलब्धता व बाजारपेठेची जवळीक या गोष्टी लिहाव्यात. बाजार जवळ असलेल्या शेतकऱ्याला जी पद्धत परवडते, ती शंभर मैलांवरील शेतकऱ्याला परवडेलच असे नाही. ही माहिती दिली, तरच वाचणाऱ्याला ती पद्धत स्वतःच्या शेताला लागू पडते किंवा नाही हे ठरविता येते.

गोषवारा

प्रथम बहुधा गोषवाराच मागविला जातो व त्यावरूनच निबंधाची निवड होते. त्याची मर्यादा साधारणतः २०० ते ३०० शब्दांची असते. ‘शेतकऱ्यांच्या सहकार्याने महत्त्वपूर्ण प्रयोग करण्यात आले व उत्साहवर्धक परिणाम दिसून आले’ अशा वाक्यांनी तो भरू नये. त्यात आकडे असावेत. पुढील नमुना केवळ लेखनपद्धती दाखविण्यासाठी आहे. त्यातील आकडे काल्पनिक असून ती शिफारस नव्हे.

‘खेड तालुक्यातील आठ शेतांवर उन्हाळी कांद्याचे पाणी काढणीपूर्वी १० दिवस व २० दिवस आधी तोडून तुलना करण्यात आली. प्रत्येक वाफ्यातील २५ किलो कांदा चाळीत चार महिने साठविला. पाणी १० दिवस आधी तोडले असता सड सरासरी ९ टक्के व २० दिवस आधी तोडले असता ६ टक्के आढळली. आठांपैकी सात शेतांवर फरक याच दिशेने होता. तथापि २० दिवसांच्या पद्धतीत उत्पन्न सरासरी ४ टक्क्यांनी कमी आले. हे निष्कर्ष एकाच हंगामाचे असून त्यांची पडताळणी होणे जरूर आहे.’

या नमुन्यातील उत्पन्नविषयक वाक्य गाळले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. वाचणाऱ्याचा असा समज झाला असता की, पाणी लवकर तोडणे फायद्याचे आहे. हिशेब मात्र निराळा आहे. पहिल्या पद्धतीत १०० किलो उत्पन्न धरल्यास सड वजा जाता ९१ किलो कांदा राहतो. दुसऱ्या पद्धतीत ९६ किलो उत्पन्न येते व त्यातून ६ टक्के सड वजा जाता सुमारे ९० किलो राहतो. म्हणजे सड कमी होऊनही शेतकऱ्याच्या हाती अधिक कांदा येत नाही. गैरसोयीचा आकडा लपविल्याने लिहिणाऱ्याचा निबंध कदाचित स्वीकारला जाईल. पण त्यावर विश्वास ठेवून पाणी तोडणाऱ्या दूरच्या एखाद्या शेतकऱ्याचे त्या हंगामात नुकसान होईल. अपेक्षित परिणाम दिसला नाही, तर तसेच लिहावे. निष्फळ ठरलेल्या उपायाची नोंदही दुसऱ्याचा खर्च वाचविते.

निबंध पाठविणे

परिषदेच्या निवेदनात विषय-गट, गोषवाऱ्याची शब्दमर्यादा, भाषा, अक्षराचा आकार, अंतिम तारीख व नोंदणी शुल्क दिलेले असते. ते दोनदा वाचावे व त्यातील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात. मर्यादा २५० शब्दांची असेल, तर ३०० शब्दांचा गोषवारा चांगला असूनही परत येऊ शकतो. निबंध इंग्रजीत मागविला असेल, तर तो आधी मराठीत नीट लिहावा व मग जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे. भाषांतरानंतर प्रत्येक आकडा नोंदवहीशी पुन्हा ताडून पाहावा.

शासकीय कार्यकर्त्याने वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी. त्यास वेळ लागतो, म्हणून अंतिम तारखेच्या निदान एक महिना आधी मसुदा तयार असणे इष्ट होय. हल्ली निबंध बहुधा ई-मेलने किंवा संकेतस्थळावर पाठविले जातात. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, तसेच पोच मिळाल्याची खात्री करून तिची प्रत जपून ठेवावी. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्यास राग मानू नये. प्रत्येक सूचनेला क्रमाने उत्तर द्यावे व एखादी मान्य नसल्यास तिचे कारण नम्रपणे कळवावे.

एका बाबतीत सावध राहावे. काही परिषदा केवळ शुल्क गोळा करण्यासाठी भरविल्या जातात. निबंध न वाचता एक-दोन दिवसांत स्वीकारल्याचे कळविणे, आयोजक संस्थेचा पत्ता स्पष्ट नसणे व वारंवार पैशांची मागणी होणे, ही त्यांची लक्षणे होत. शंका आल्यास कृषि विद्यापीठातील किंवा संशोधन संस्थेतील जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

श्रेय व संमती

ज्यांच्या शेतावर प्रयोग झाला त्या शेतकऱ्यांची संमती आधी घ्यावी. ज्याने कल्पना सुचविली, प्रयोगाची आखणी केली किंवा नोंदी ठेवल्या, असा शेतकरी सहलेखक होण्यास पात्र आहे. ज्याने केवळ जमीन दिली, त्याचे आभार मानावेत. काम न करणाऱ्याचे नाव केवळ पदामुळे घालणे व काम करणाऱ्याचे नाव गाळणे, या दोन्ही गोष्टी अनुचित आहेत.

या पट्ट्यात यंत्रकामाच्या कार्यशाळा जवळ असल्याने काही शेतकरी स्वतः नवी औजारे तयार करून घेतात. औजार खरोखरच नवे असेल, तर त्याचे वर्णन परिषदेत मांडण्यापूर्वी पेटंटच्या अर्जाबाबत सल्ला घ्यावा. वर्णन आधी जाहीर झाल्यास हक्क मिळण्यात अडचण येऊ शकते. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाच्या नोंदणीची तरतूद २००१ च्या पीक वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्यात आहे, हेही ध्यानात ठेवावे.

परिषदेत व परिषदेनंतर

निबंध तोंडी वाचनासाठी किंवा भित्तिपत्रासाठी स्वीकारला जातो. भित्तिपत्र हे दुय्यम मानू नये. त्यासमोर उभे राहून तज्ज्ञांशी निवांत बोलता येते. भित्तिपत्रावर मजकूर थोडा, अक्षर मोठे व तक्ते मोजके असावेत. तोंडी वाचनासाठी बहुधा दहा मिनिटे मिळतात, त्यांपैकी दोन-तीन प्रश्नोत्तरांत जातात. तेव्हा सात मिनिटांचे निवेदन तयार करून ते घड्याळ लावून दोन-तीनदा म्हणून पाहावे. प्रश्न, पद्धत, मुख्य आकडे व मर्यादा एवढेच सांगावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगात मिळत नसेल, तर ‘ही बाब आम्ही मोजलेली नाही’ असे सरळ सांगावे. नोंदवही बरोबर न्यावी. शंका विचारणाऱ्यास मूळ आकडे दाखविता आले की, निम्मे काम होते.

परिषद संपली म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्या आठ शेतकऱ्यांच्या वाफ्यांवर निबंध उभा राहिला, त्यांना त्याची मराठी प्रत द्यावी व गावात बैठक घेऊन परिषदेत निघालेल्या शंका सांगाव्यात. त्या शंकांतूनच पुढील हंगामाचा प्रश्न निश्चित होतो. तो ठरला की, पुन्हा जोडीचे वाफे आखावेत, चिठ्ठ्या टाकाव्यात आणि नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, गट क्रमांक व तारीख लिहून कामास प्रारंभ करावा.